मुंबईची रात्र, बेत रत्नागिरीत

कॉलेज सुटल्यावर आज मांडवीला पोरांसोबत मुंबई सहलीतल्या रात्रीचा बेत आखला. मरीन ड्राइव्हवर सगळ्यांचं एकमत. (समुद्र बघायला रत्नागिरीहून मुंबईला! असो.) नंतर रात्रभर भटकंती, असा त्यांचा आग्रह. पण एकच्या सुमारास लोकल थांबतात त्या पहाटे चारपर्यंत, आणि एवढ्या जणांना टॅक्सी परवडायची नाही. म्हणून बेत फिरवला: सीएसएमटीची रोषणाई, मरीन ड्राइव्ह, अकराला मुक्कामी. मग पहाटेच्या लोकलने दादरचा फूलबाजार, उजाडायच्या आधी झेंडूचे ढीग लागलेले असतात. कुणीतरी १८७५ चं ससून डॉक सुचवलं. आमच्या मासळी बंदरावरच्या, मिरकरवाड्याच्या मुलीने विचारलं, "सर, मासळीचा लिलाव बघायला मुंबई कशाला?" डॉक रद्द. पालकांच्या ग्रुपवर वेळा टाकल्यात.