ट्रेनरला आधी औषधांची यादी वाचायला शिकवा

आरोग्याच्या तक्रारी असलेल्यांसाठी ट्रेनर तयार करायचे म्हटलं की अभ्यासक्रमात आजारवार प्रकरणं पडतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, आणि प्रत्येकाखाली 'करा' व 'टाळा' अशा याद्या. परीक्षेपुरतं हे ठीक. पण साठीतला माणूस बहुधा एकटा आजार घेऊन येत नाही. साखर असते, बीपी असतं, गुडघा कुरकुरत असतो आणि रोजच्या तीन-चार गोळ्या चालू असतात. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात गोळ्यांपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

बीटा ब्लॉकरचंच उदाहरण घ्या, म्हणजे बीपी आणि हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. या गोळीमुळे नाडी मुळातच कमी वाढते. मग नाडीची कमाल मर्यादा काढण्याचं २२० वजा वय हे सूत्र लावून 'अजून १४० पर्यंत पोचला नाहीत' असं म्हणत त्या माणसाला पळवणं सरळसरळ धोक्याचं आहे. इथे श्रमाची जाणीव विचारायची. ६ ते २० च्या बोर्ग मोजपट्टीवर ११ ते १३, म्हणजे धाप लागली तरी पूर्ण वाक्य बोलता येतंय इतपत. त्याच माणसाला मधुमेह असेल तर आणखी एक गोम आहे: साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो. व्यायामात घाम येणारच, त्यामुळे ट्रेनरला शंकाही येत नाही. अडखळतं बोलणं, गोंधळलेली नजर, अकारण चिडचिड दिसली की थांबवून साखर मोजायची.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सुरुवातीआधीच बघावी. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं. २५० च्या वर असेल आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात-लघवीत साठणारे पदार्थ) सापडले तर त्या दिवशी व्यायाम बंद. मध्येच ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही द्यायचं नाही, थेट रुग्णवाहिका. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच पायांचा व्यायाम केला तर ते लवकर शोषलं जातं, हेही शिकवायला हवं. आणि साखर त्या रात्री झोपेतही उतरू शकते.

रक्तदाब मोजणं सोपं वाटतं आणि तिथेच जास्त चुका होतात. पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, मोजताना गप्पा बंद. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. विश्रांतीतच २००/११० च्या वर दिसला तर व्यायाम नाही, डॉक्टर. वजन उचलताना श्वास कोंडला की दाब क्षणात उसळतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा. ट्रेनरने मोठ्याने आकडे मोजून घेतले की हे आपोआप साधतं. शेवटची ५ ते १० मिनिटं हळूहळू थंड होण्यासाठी राखून ठेवावी. बीपीच्या काही गोळ्यांमुळे एकदम थांबल्यावर चक्कर येते.

दम्याच्या माणसाचा पंप बॅगेत, लॉकरमध्ये नको, हाताशी हवा. ठिसूळ हाडांना क्रंचेस (पाठीवर पडून धड वर उचलण्याचा पोटाचा व्यायाम) आणि वाकून पीळ देणारे प्रकार नकोत, मणक्याचा पुढचा भाग दाबाने खचू शकतो.

हे सगळं फळ्यावर शिकवून भागत नाही. एका शिकाऊने ग्राहक व्हायचं, खिशात औषधांची चिठ्ठी आणि एक लपवलेलं लक्षण ठेवायचं. दुसऱ्याने दहा मिनिटांत ते काढायचं. 'आजची गोळी घेतली का, किती वाजता? गेल्या महिन्यात डोस बदलला का?' हे दोन प्रश्न छापील फॉर्मपेक्षा जास्त सांगून जातात. डोस कमी-जास्त करण्याचा सल्ला मात्र ट्रेनरने कधीही देऊ नये.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्याचाही सराव हवा. 'व्यायाम चालेल का?' असं विचारलं तर उत्तर 'हलका चालेल' एवढंच येतं. त्याऐवजी लिहावं: आठवड्यातून तीनदा, ३० मिनिटं चालणं, श्रम बोर्ग मोजपट्टीवर १२ च्या आसपास, हलक्या वजनांचे आठ प्रकार, यातलं काय वगळू, आणि कोणत्या आकड्याला थांबवू?