चार्ज गेला कुठे?

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे असा मेसेज आला तेव्हा ठरवलं होतं की सगळ्यांबद्दल थोडंथोडं लिहायचं, गॅदरिंग, कबड्डीची टीम, मागच्या पायऱ्यांवरचे डबे, सगळंच. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा गाडी फिजिक्सच्या सरांवरच येऊन थांबली. तेव्हा बाकीच्या सर-बाईंनी राग मानू नये, मी सरांबद्दलच लिहितो.

बारावीचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं आणि फिजिक्सचा पहिलाच चॅप्टर इलेक्ट्रिक चार्जेस अँड फील्ड्स. म्हणजे बघा, बाहेर आपला गोव्याचा पाऊस, लॅबच्या भिंतींना ओल, बाकावर वही ठेवली तर पानं गोळा होतायत आणि नेमके तेव्हा घासून चार्ज तयार करायचे प्रयोग! सरांनी एबोनाइटचा, म्हणजे कडक काळ्या रबराचा, रॉड फ्लॅनेलवर घासघास घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म. मागच्या बाकावर आम्ही हसलो. दुसरा कोण असता तर पुस्तकातलं चित्र दाखवून पुढे गेला असता, सर मात्र फळ्याकडे न जाता आमच्याकडे वळले आणि म्हणाले, हसताय काय, घासला म्हणजे चार्ज झालाच, आता तो गेला कुठे ते सांगा.

कोणीतरी म्हटलं ओल्या हवेतून उडून गेला. सर म्हणाले हवेवर ढकलू नकोस, रॉड बघ. रॉडवर, काचेवर, सगळ्यावर दमटपणाचा पातळ थर बसतो, डोळ्याला दिसतही नाही, आणि चार्ज त्याच्यावरून घरंगळत आपल्या हातात आणि हातातून जमिनीत जातो. चार्ज नष्ट होत नाही रे, नवीन तयारही होत नाही, नुसती जागा बदलतो. हे वाक्य मी पुढे इंजिनिअरिंगला चार वर्षं वेगवेगळ्या भाषेत ऐकलं पण डोक्यात राहिलं ते त्या ओल्या लॅबमधलं.

आणि मग सरांनी ते केलं ज्यासाठी हे सगळं लिहितोय. शाळेच्या मागे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी होती, आठवत असेलच. मधल्या सुट्टीत आम्हा दहा-बारा जणांना छत्र्या घेऊन तिथे नेलं. हातात रॉड, फ्लॅनेल आणि चार्ज आहे की नाही ते दाखवणारा, सरांनी घरी बनवलेला इलेक्ट्रोस्कोप, म्हणजे काजू फेणीची रिकामी बाटली, बुचातून घातलेली तांब्याची तार, खाली चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या, बुचावर मेणबत्तीचं मेण. फेणीची बाटली शाळेत कशी आली हे प्रिन्सिपलना कधी कळलं नाही (आता कळेल). भट्टीजवळ सगळं दहा मिनिटं शेकलं, रॉड घासला, आणि कपटे टुणकन उडून चिकटले! नुसते कपटे नाही, फळीवरचं पीठसुद्धा. पोदेर म्हणाला, "सर, हांगा पाव भाजतात, करंट न्हय."

रॉड तारेजवळ नेला, टेकवला नाही, तरी खालच्या पट्ट्या फाकल्या, लांब नेला की मिटल्या. मी विचारलं कपट्यांवर तर चार्ज नाही, मग ते का ओढले जातात? सरांना हाच प्रश्न हवा असावा, कारण त्यांनी मला एक गरम पाव दिला. रॉड निगेटिव्ह, त्याच्यामुळे कपट्यातले निगेटिव्ह जरासे पलीकडे सरकतात, पॉझिटिव्ह बाजू रॉडच्या जवळ राहते, आणि जवळच्याची ओढ लांबच्याच्या ढकलण्यापेक्षा जास्त. मग तिथेच कूलॉम या शास्त्रज्ञाचा नियम, 1785, अंतर दुप्पट केलं की बळ चौथाई. चार्ज मोजायचं एककही त्याच्याच नावाचं. एक एक कूलॉमचे दोन चार्ज एक मीटरवर ठेवले तर 9 अब्ज न्यूटन, म्हणजे किती सर? सरांनी मनातच हिशेब केला, साधारण नऊ लाख टनांचं वजन, म्हणजे हजार टन खनिज माती भरलेल्या नऊशे बार्जी (मालवाहू होड्या) मांडवीत लागल्या असं समजा. म्हणूनच एवढा चार्ज कोणी टेबलावर ठेवत नाही.

फील्ड, म्हणजे चार्जच्या आजूबाजूला पसरलेला त्याचा प्रभाव, तोसुद्धा मला त्या भट्टीतच कळला. सर म्हणाले पावाचा वास इथे सगळीकडे आहे, तुमचं नाक असो नसो. नाक म्हणजे टेस्ट चार्ज, फील्ड तपासायला नेलेला छोटा चार्ज. जिथे नेलं तिथे किती जाणवतं ते मोजा, पण नाक बारीक हवं, मोठं नेलं तर तेच भट्टी हलवेल. लगेच स्वतःच म्हणाले, पण उपमा इथे संपते, वासाला दिशा नसते, फील्डला प्रत्येक ठिकाणी एकच दिशा असते, म्हणून फील्डच्या रेषा एकमेकींना छेदत नाहीत. उपमा कुठे तुटते तेही सांगणारा माणूस मला नंतर फारसा भेटला नाही.

सध्या मी वेर्ण्याला इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमचा अर्धा जीव या चार्जशीच लढण्यात जातो. माणसाला झटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात आणि काही चिपा शंभर व्होल्टलाही मरतात, म्हणजे तुम्हाला कळतही नाही आणि माल गेला. म्हणून मनगटाला पट्टा, पट्ट्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर, तिथून अर्थिंग. गंमत म्हणजे जो दमटपणा सरांचा वैरी तो आमचा मित्र, एसीने हवा फार कोरडी झाली की आम्ही घाबरतो. नवीन पोरं पट्टा का लावायचा विचारतात तेव्हा मी उत्तर देत नाही, म्हणतो चार्ज गेला कुठे ते तू सांग.

भट्टीच्या जागी आता बिल्डिंग आहे, खाली मोबाईलचं दुकान. लॅबमध्ये मोठा स्क्रीन लागलाय असं ऐकलं, त्याच्यावर कपटे दर वेळी उडत असणार, जुलैमध्येसुद्धा.

हे लिहिण्याआधी सरांना फोन केला. भट्टी त्यांना नीटशी आठवेना, मला वाईट वाटलं. मग एकदम म्हणाले, अरे तो लॅबचा फ्लॅनेलचा तुकडा त्या दिवसापासून मिळाला नाही, कोणाकडे राहिला? सर, माझ्याकडेच आहे, कंपासपेटीत गेला तो गेलाच. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. कार्यक्रमाला घेऊन येतो.