टॅक्सिंग की उड्डाण?

विमा कंपनीच्या धुळ्याच्या शाखेत अधिकारी असताना माझ्या टेबलावर येणारे प्रस्ताव ठरलेले असत. ट्रॅक्टर, मालट्रक, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींचा आगविमा, क्वचित एखादे शीतगृह, एवढ्यात वर्ष संपायचे. त्यामुळे ओळखीचे एक जिनिंगमालक, ज्यांना सगळा तालुका नाना म्हणतो, समोर बसून “साहेब, मना पोऱ्यानं इमान शे, इमा करी द्या,” असे म्हणाले तेव्हा मला क्षणभर काही कळलेच नाही. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा वैमानिक प्रशिक्षण घेत होता आणि तो परवाना मिळवून येईपर्यंत घरचे विमान तयार असावे म्हणून नानांनी जुने, दोन आसनी सेसना १५२ विकत घेतले होते. खानदेशात जळगाव, धुळ्याजवळचे गोंदूर आणि शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी एकीवर ते विमान दोरांनी बांधून उभे होते.

नानांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. मोटारीच्या पॉलिसीत शिकाऊ परवानाधारकालाही नियम पाळून गाडी चालवता येते आणि अपघात झाला तर कंपनी त्याची जबाबदारी घेते. मग विमानाच्या पॉलिसीत त्यांच्या मुलाचे नाव का घालता येणार नाही? मी त्यांना विमान नियम, १९३७ मधल्या शिकाऊ वैमानिकाच्या अटी समजावल्या. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर हा परवाना मिळतो. मात्र एकट्याने उडतानाही प्रशिक्षकाची परवानगी आणि देखरेख असावी लागते, आणि प्रवासी नेता येत नाही. शिवाय परवान्यासाठी धरले जाणारे प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावे लागते. नानांचे विमान खाजगी वापरासाठी नोंदलेले होते. त्यावर मुलाला शिकवण्याचे काम सुरू झाले असते, तर जाहीर केलेल्या वापराबाहेर गेल्यामुळे पॉलिसीचा आधार सुटला असता. मोटारीत परवाना वैध असला की बहुतेक कोणीही चालवू शकतो. विमानात मात्र वैमानिकांची नावे परिशिष्टात लिहिलेली असतात, आणि त्यांचे एकूण तास व त्या जातीच्या विमानावरचे तास पाहूनच कंपनी हप्ता ठरवते. मुलाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तेव्हा जेमतेम अठरा तास होते. परिशिष्टात एका अनुभवी निवृत्त वैमानिकाचे नाव आले. मुलाने चाळीस तासांची अट पूर्ण करून खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवल्यावर त्याचे नाव जोडण्याचा विचार होईल, असे ठरले.

खरा वाद पुढे होता. विमान बहुतांश काळ उभेच राहणार म्हणून मुख्यालयाने फक्त ‘जमिनीवर असताना’ एवढ्याच धोक्याचे स्वस्त दर कळवले होते आणि नानांना ते पसंत होते. पॉलिसीच्या भाषेत मात्र विमानाच्या तीन अवस्था वेगळ्या असतात. उड्डाणासाठी पुढे धाव घेतल्यापासून उतरल्यानंतरची धाव संपेपर्यंत ‘उड्डाण’, स्वतःच्या इंजिनाच्या बळावर इतर कोणतीही हालचाल म्हणजे ‘टॅक्सिंग’, आणि या दोन्हींत नसेल तेव्हा ‘जमिनीवर’. म्हणजे चाके जमिनीला टेकलेली असली तरी इंजिन लावून विमान शंभर पावले सरकवले, की ते ‘जमिनीवर’ राहत नाही. हे समजावण्यात माझा तासभर गेला. शेवटी नानांनी तिन्ही अवस्थांचा विमा घेतला. तो तास मी आजही विसरलेलो नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वावधन सुटले. खानदेशात ज्याने केळीच्या उभ्या बागा तासाभरात आडव्या झालेल्या पाहिल्या आहेत, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सेसना १५२ चे रिकामे वजन जवळपास ४९० किलो असते, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही कमी, आणि पंखांचा विस्तार मात्र दहा मीटरांहून जास्त. अशा वाऱ्यात उघड्यावर बांधलेले विमान दोर तोडून उलटू शकते. परिशिष्टातले वैमानिक त्या दिवशी नाशिकला होते. धावपट्टीवर देखभाल करणारा अभियंता, दोन मदतनीस आणि सुट्टीत घरी आलेला मुलगा एवढेच होते. चौघांनी विमान ढकलत हँगरकडे, म्हणजे विमान ठेवायच्या शेडकडे, न्यायला सुरुवात केली, पण वाऱ्याच्या झोतात ते हाताने धरवेना. तेव्हा अभियंत्याच्या सांगण्यावरून मुलाने आत बसून इंजिन सुरू केले. हँगरच्या तोंडाशी आडव्या झोताने उजवा पंख उचलला गेला आणि डाव्या पंखाचे टोक लोखंडी खांबाला धडकले.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून नुकसान तपासणारे सर्वेक्षक आले आणि त्या दिवसाला मी माझ्या नोकरीतला सर्वांत कसोटीचा दिवस मानतो. सर्वेक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, “आत कोण बसले होते?” त्याआधी सकाळी नानांच्या एका हितचिंतकाने मुलाला बाजूला घेऊन, अभियंताच आत होता असे लिहून दे, म्हणजे शिकाऊ वैमानिकाची भानगडच नको, असे सुचवले होते. हे मला मुलानेच सांगितले. मी त्याला एवढेच म्हणालो, “घडले तेच लिही. खोटे एक वाक्य सापडले तर सगळा दावा जाईल. खरे लिहिलेस तर कलम वाचायला निदान जागा राहील.” नाना काही बोलले नाहीत. मुलाने कागद ओढला आणि पहिल्याच ओळीत लिहिले की विमानात मी एकटा बसलो होतो.

सर्वेक्षक खरेच कलम वाचत होते. परिशिष्टाबाहेरच्या माणसाने विमान चालवले तर दावा देय नाही, हा नियम त्यांनी मोठ्याने वाचला आणि त्याच वाक्याचा उरलेला भागही वाचला : उडवायचे नसून नुसते जमिनीवरून हलवायचे असेल, तर मात्र त्या कामात सक्षम असलेली कोणतीही व्यक्ती विमान चालवू शकते. आता दोनच गोष्टी सिद्ध व्हायच्या होत्या. मुलगा टॅक्सिंगमध्ये सक्षम होता का, आणि उडण्याचा त्याचा हेतू होता का. पहिल्याला त्याचे लॉगबुक उपयोगी पडले, कारण त्यात प्रशिक्षकाच्या सहीने एकट्याने केलेल्या उड्डाणांच्या नोंदी होत्या. दुसऱ्याला जमीनच साक्ष होती. ओल्या मातीवरच्या चाकांच्या खुणा बांधणीच्या जागेपासून सरळ हँगरकडे गेल्या होत्या, धावपट्टीकडे एकही वळलेली नव्हती. अभियंता आणि मदतनिसांचे वेगवेगळे घेतलेले जबाब मुलाच्या कागदाशी जुळले.

दावा मंजूर झाला, पण पूर्ण रकमेचा नव्हे. विमाधारकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग वजा झालाच, शिवाय पंखाच्या टोकाचे आवरण उघडल्यावर आतल्या एका पट्टीवर जुना गंज आढळला. हळूहळू वाढत गेलेली झीज अपघातात मोडत नाही, म्हणून त्या पट्टीचा खर्च कापला गेला. नाना त्यावर रागावले होते. मला स्वतःला ती कपात बरोबर वाटली आणि मी त्यांना तसे सांगितले. दुरुस्तीनंतर उड्डाणयोग्यतेची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पावसाळा उलटून गेला.

मुलाला परवाना मिळाला तेव्हा पॉलिसीत बदलाचा अर्ज घेऊन तो एकटाच शाखेत आला. “काका, आता तरी घालाल ना माझं नाव?” असे विचारत त्याने लॉगबुक माझ्यासमोर ठेवले. मी त्याचे तास दोनदा बेरीज करून पाहिले, मुख्यालयाला पाठवले, आणि अकराव्या दिवशी मंजुरी आली. वैमानिकांच्या यादीत दुसऱ्या ओळीवर त्याचे नाव मी स्वतः टाइप केले.