वूचच्या दफनभूमीतला ऑथेल्लो

वॉर्सॉहून वूचला आगगाडीने साधारण दीड तास लागतो. नकाशावर गावाचं नाव लोड्झसारखं दिसतं, पण पोलिश माणूस 'वूच' म्हणतो, आणि त्याचा अर्थ होडी. सोबतची मंडळी क्राकोवला गेली. मी एकटीच इकडे आले, एका नटाच्या कबरीवर फूल ठेवायला.

आम्ही सांगलीचे. गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामुळे ऑथेल्लो, शेक्सपिअरच्या नाटकातला तो काळा सेनापती, मला आधी भेटला तो देवलांचा 'झुंझारराव' म्हणून. नाटक १८९० चं. त्याच्याही आधी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेलं 'ऑथेल्लो'चं मराठी भाषांतर आलं होतं, १८६७ साली. हे साल माझ्या डोक्यात पक्कं होतं. पुढे कधीतरी वाचनात आलं, की त्याच वर्षी ७ ऑगस्टला त्या काळातला एक मोठा ऑथेल्लो, कृष्णवर्णीय नट आयरा आल्ड्रिज, दौऱ्यावर असताना वूचमध्ये वारला. तेव्हापासून इथे यायचं मनात होतं.

स्टेशनातून बाहेर पडून प्योत्रकोव्स्का रस्त्याला लागले. चार किलोमीटरहून लांब, जवळजवळ सरळ रेषेत गेलेला रस्ता. दोन्ही बाजूंना गिरणीमालकांच्या वेळच्या इमारती, आणि कमानीतून आत डोकावलं की मागे लांबच लांब चौक. एकोणिसाव्या शतकात हे गाव कापडगिरण्यांवर फुगलं. तेव्हा इथे रशियाच्या झारचं राज्य होतं, आणि रस्त्यावर पोलिश, जर्मन, यिडिश असं सगळं ऐकू यायचं. अशा गावात इंग्रजी बोलणारा नट काय करत होता?

त्याचं उत्तर लंडनमध्ये आहे. आल्ड्रिजचा जन्म १८०७ चा, न्यू यॉर्कचा. तिथे कृष्णवर्णीयांनी काढलेलं एक थिएटर होतं आणि त्याची नाटकाशी ओळख त्याच जगात झाली. पण अमेरिकेत त्याच्यासारख्याला पुढे वाट नव्हती. सतराव्या वर्षी त्याने जहाज पकडलं आणि १८२५ मध्ये तो लंडनच्या रंगमंचावर ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. पुढची कितीतरी वर्षं ब्रिटनमधल्या लहानमोठ्या गावांतून फिरला. कॉव्हेंट्रीचं थिएटर तर त्याने १८२८ मध्ये स्वतः चालवलं.

मग १८३३ चा वसंत आला. थोर नट एडमंड कीन कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो करता करता रंगमंचावरच कोसळला. त्या जागी १० एप्रिलला आल्ड्रिज उभा राहिला. ऑथेल्लोची गोरी बायको डेस्डिमोना होती एलन ट्री. लंडनच्या काही वृत्तपत्रांना एका काळ्या माणसाने गोऱ्या नटीला हात लावणंच सहन झालं नाही. दोन प्रयोग झाले, दोनच. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत येत होता, आणि अशा दिवसांत राजधानीच्या मोठ्या रंगमंचावर एक स्वतंत्र काळा नट शेक्सपिअर बोलत होता. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही. अभिनयावर लिहिल्याचं दाखवून त्याच्या कातडीवर लिहिलं गेलं, हे वाचताना आजही माझा संताप होतो.

१८५२ पासून त्याने युरोप धरला. ब्रसेल्स, जर्मन शहरं, पुढे रशिया. तो इंग्रजीत बोलायचा आणि बाकीचा संच आपापल्या भाषेत, जर्मन किंवा रशियन. खलनायक इयागोने जर्मनमध्ये कानात विष ओतायचं आणि याने इंग्रजीत तडफडायचं! समोरच्या बहुतेकांना त्याचा शब्द कळत नसे, तरी थिएटरं भरत. नुसता ऑथेल्लो नव्हे. चेहऱ्याला गोरा रंग लावून तो लिअर करायचा, मॅकबेथ करायचा, शायलॉकही.

१८५८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची युक्रेनियन कवी-चित्रकार तारास शेव्चेन्कोशी दोस्ती झाली. शेव्चेन्को जन्माने भूदास, पैसे मोजून सोडवलेला, नंतर दहा वर्षं शिक्षा भोगून परतलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. शेव्चेन्कोने त्याचं चित्र काढलं, ते आजही आहे. आल्ड्रिजच्या साऱ्या आयुष्यात मला त्याची ही भेट सगळ्यात जवळची वाटते.

ओग्रोदोव्हा रस्त्यावर एका जुन्या गिरणीचं प्रचंड मॉल झालं आहे. ते ओलांडून पुढे गेलं की जुनी दफनभूमी. तिचे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, असे तीन भाग. आल्ड्रिज इव्हँजेलिकल भागात आहे. याच भागात गिरणीमालक शायब्लरच्या कुटुंबाचं समाधीमंदिर आहे, एखाद्या चर्चएवढं. त्याच्या पुढ्यात माझ्या नटाची कबर अगदी साधी वाटली. मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी तिच्यावर नीट दगड बसला. म्हणजे तिकडे देवलांचा झुंझारराव आला, साधारण तेव्हाच. देखभाल पोलिश नाट्यकलावंतांची संस्था करते, हे वाचलं होतं. समोर कबर स्वच्छ पाहून बरं वाटलं.

मी फाटकाजवळून लाल काचेचा दिवा घेतला होता. इथे कबरीवर असे दिवे लावतात. वाऱ्यामुळे वात काही पेट घेईना. शेजारच्या कबरीवरची पानं झाडणाऱ्या आजीबाई आल्या, हाताचा आडोसा करून त्यांनी दिवा लावून दिला. मग पोलिशमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी दगडावरच्या नावाकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून नाव वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ओतेलो?"

"ऑथेल्लो," मी म्हटलं.