पुतणीचा प्रश्न आणि यकृताचे डॉक्टर

एमडी मेडिसिन झालेली माझी पुतणी गेल्या महिन्यात कोल्हापूरला आली तेव्हा तिने विचारले, "काका, मी यकृताकडे वळले तरी चाकू काही माझ्या हाती येणार नाही, मग प्रत्यारोपणात माझे काम नेमके कोणते?" शाहूपुरीत इतकी वर्षे प्रॅक्टिस करताना असे कितीतरी रुग्ण मी पुण्याला पाठवले, तरीही या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही.

वाटा सांगणे सोपे आहे. यकृततज्ज्ञाला एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन आणि डीएम हेपॅटॉलॉजीची आणखी तीन वर्षे द्यावी लागतात. सर्जन एमएसनंतर सर्जिकल गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत एमसीएच करतो आणि पुढे एखाद्या मोठ्या केंद्रात फेलोशिप करतो. अमेरिकेत यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि आतडे यांचे प्रत्यारोपण करणारा सर्जन सहसा एकच असतो. आपल्याकडे मूत्रपिंड बहुधा यूरॉलॉजिस्टकडे जाते.

उत्तर देताना मला कागल तालुक्यातला एक शेतकरी आठवला. चुन्याच्या पाण्यात हात धुवून दोनदा कावीळ उतरवून घेतल्यावर, पोटात पाणी झाल्यावर आणि पाय सुजल्यावर तो माझ्याकडे आला होता. त्याला पुण्याला पाठवले, तेव्हा तिथल्या यकृततज्ज्ञाने लगेच शस्त्रक्रियेचे नाव काढले नाही. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम या रक्ततपासण्यांवरून मेल्ड हा ६ ते ४० दरम्यानचा आकडा काढतात; तो जितका जास्त, तितके यकृत बिघडलेले. तो १५ च्या खाली असेल तर प्रत्यारोपणाचा धोका सहसा फायद्यापेक्षा जास्त ठरतो आणि फार उशीर झाला तर शस्त्रक्रिया झेपेल इतकी ताकदच रुग्णात उरत नाही. या दोन टोकांमधली वेळ ओळखणे, तोवर पोटातले पाणी, रक्ताची उलटी आणि ग्लानी सांभाळणे, हे सगळे यकृततज्ज्ञाचे काम.

सर्जनची कसोटी वेगळी. त्या शेतकऱ्याला मुलाने यकृताचा भाग दिला. मिळणारा तुकडा साधारणपणे रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी असावा लागतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ५६० ग्रॅम. शिवाय दात्याकडेही किमान ३० टक्के यकृत उरले पाहिजे. एका थिएटरात बाप आणि शेजारच्या थिएटरात ज्याला कसलाच आजार नाही असा मुलगा! हिशेब जुळत नसेल तर घरच्यांनी कितीही हात जोडले तरी नकार देणे हेही सर्जनच्या कामातच येते, आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड.

पण केवळ हातांनी हे शास्त्र उभे राहिले नाही. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावरचे पहिले यकृत प्रत्यारोपण केले तेव्हा रुग्ण टेबलावरच दगावला. वर्षभराहून अधिक जगणारा रुग्ण मिळायला १९६७ उजाडले. त्यानंतरही शरीर परके यकृत नाकारत राहिले आणि १९८० च्या सुमारास हा नकार दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावरच चित्र पालटले. आज ती जागा बहुतांशी टॅक्रोलिमसने घेतली आहे आणि ती गोळी रुग्णाला जन्मभर घ्यावी लागते.

हे सगळे मी तिला सांगितले. ते तिला कितपत पटले, कळले नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दवाखान्यात बसली असताना तोच शेतकरी रिपोर्ट घेऊन आला. टॅक्रोलिमसची पातळी बरीच वाढलेली होती आणि डोस कमी करायचा का, हे विचारायला मी पुण्याला फोन लावत होतो. तिने त्याला विचारले, "मामा, रक्त द्यायच्या आधी सकाळची गोळी घेतली होती का?"

"घेतली की! चहा पिऊन, गोळी घेऊनच लॅबमध्ये गेलो. गोळी चुकवायची न्हाई म्हणून बजावलंय न्हवं!"

तिने फाइलवर तारीख घातली, उद्याच्या गोळीआधी रक्त पुन्हा द्यायला सांगितले आणि डोसच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. मी फोन खाली ठेवला.