माशाला ताप येतो का?

जानेवारीत चोपड्याकडे मामांच्या मळ्यात गेले होते. थंडी कडाक्याची, केळीवर चरका आणि शेततळ्यात रोज दोन-तीन मेलेले मासे. कुणाच्या तरी सांगण्यावरून मामांनी अँटिबायोटिकची पुडी आणून ठेवलेली. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे: "किती टाकू?"

म्हटलं, रोग कोणता ते तपासून घ्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही; तो निघाला तर तुमचे पैसे खरोखरच पाण्यात. हरण्या हा विषाणूचाच रोग; तो आला तेव्हा केळीला मिळालं होतं का काही औषध? मामा गप्प. त्या साली त्यांनी स्वतःच्या हाताने झाडं उपटली होती.

"मंग मासा काय करस?"

मासा हाळी देतो, मामा. विषाणू पेशीत शिरला की आतली राखणदार प्रथिनं त्याचा आरएनए ओळखतात आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते; हीच ती हाळी. 1957 साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांना हे कोंबडीच्या अंड्यात सापडलं, पण माशांतही तेच चालतं. हाळी ऐकून शेजारच्या पेशी तयारीला लागतात. एमएक्स नावाचं प्रथिन विषाणूची वाढ अडवतं. पीकेआर नावाचं दुसरं प्रथिन तर घरातली चूलच विझवतं: पेशीचं प्रथिन बनवणं थांबलं की चोराची भाकरीही भाजली जात नाही.

चुलीवर मामा खूश. लगेच पुढचा प्रश्न, "मासास्ले बी ताप येस का?"

मी हसले, आणि हसायला नको होतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम, त्याला आतून ताप कुठला? पण तो ताप शोधत जातो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नागीणीच्या जातकुळीतल्या विषाणूने आजारी पडलेल्या सायप्रिनस (कॉमन कार्प) माशांना 24, 28 आणि 32 अंशांच्या जोडलेल्या टाक्या दिल्या. आजारी मासे 32 अंशांत जाऊन राहिले आणि वाचले. 24 अंशांतच अडकवलेले दगावले. गरम पाण्याकडे जा हा निरोप टीएनएफ-अल्फा हे प्रथिन मेंदूपर्यंत नेतं. विषाणू मात्र बेरकी. टीएनएफ पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याची खोटी नक्कल तो बाहेर सोडतो, ती टीएनएफला वाटेतच पकडते आणि माशाला गरम पाण्याकडे जायला उशीर होतो. विषाणूतला तेवढा जनुक काढला, तर मासे आधीच निघतात.

हे ऐकल्यापासून मामा दुपारी तळ्याच्या काठावर बसून असतात. थंडीत निरोगी मासाही उन्हाला येतो, हे मी दोनदा सांगितलं. उपयोग नाही. मेलेले तीन मासे बर्फात घालून तपासायला पाठवा, हे मात्र ऐकलं. पुडी मोटारीच्या खोलीत फळीवर तशीच पडून आहे.

काल फोन आला. "आज बारा मासा शेतस उनमा."


"आणि मेलेले?"

"एक."