“काही नाही” म्हणण्याआधी

वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांचे वर्ग मी घेते. पहिल्या दिवशी व्याख्यान नसतं. दोघादोघांच्या जोड्या करते. एकाने आपलंच मूल व्हायचं, दुसऱ्याने आई किंवा बाबा. मुलाने एवढंच म्हणायचं, “मला उद्या शाळेत नाही जायचं.” पुढे घरी जे होतं तेच होऊ द्यायचं.

मागच्या वर्गात एक बाबा मुलगा झाले होते. समोरच्या ताईंनी सुरुवात केली, “का? काय झालं? कोणी काही बोललं का? परीक्षा तोंडावर आलीय, कळतंय ना? असं पळून कसं चालेल?” दोन मिनिटांनी मी थांबवलं. बाबांचे हात छातीशी घट्ट बांधलेले, नजर जमिनीवर. काय वाटलं, विचारलं. म्हणाले, “मला सांगायचं होतं. तिसऱ्या प्रश्नानंतर नको वाटलं.” आणि जरा वेळाने, हळू आवाजात, “मी रोज हेच करतो.”

ताईंचं काही वाईट होतं का? मुळीच नाही. काळजीच होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६२ मध्ये पालकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. संवादात अडथळा आणणारे बोलण्याचे १२ प्रकार त्यांनी मांडले. त्यात हुकूम, धमकी, उपदेश आहेतच, पण प्रश्नांची सरबत्ती, सल्ला आणि धीर देणंसुद्धा आहे. धीर देण्यापाशी सगळे पालक अडतात. “एवढंच ना, होईल सगळं नीट” यात गैर काय? आपण ते मायेनेच म्हणतो. मुलाच्या कानावर मात्र पडतं ते “एवढंच ना”.

मग काय म्हणायचं? त्याला जे वाटत असेल असं आपल्याला दिसतंय, ते साध्या शब्दांत म्हणायचं. “उद्याचा दिवस नकोसा झालाय तुला.” आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यांत अवघड. मी मनातल्या मनात दहा अंक मोजायला लावते. चार-पाचाच्या पुढे बहुतेकांना राहवत नाही, ओठ हलायला लागतात. मी पुन्हा मोजायला लावते. आपला अंदाज चुकला तरी चालतो. “नकोसा नाही, भीती वाटतेय,” असं मूल स्वतःच दुरुस्त करतं, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

“म्हणजे शाळा बुडवू द्यायची?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. नाही. समजून घेणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. शाळेचं काय करायचं ते ठरवायचंच आहे, पण त्याचं ऐकून झाल्यावर.

वेळही बघावी. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी डोळे न उघडलेल्या मुलाला ‘आळशी’ म्हणत काढलेला विषय कुठेच जात नाही.

माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना एका रात्री म्हणाली, मैत्रिणी तिला वगळून भेटल्या. मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, “जाऊ दे गं, दुसऱ्या मिळतील.” तिने कानात इअरफोन घातले. तोवर मी कित्येक पालकांना हे शिकवलं होतं. तासाभराने तिच्या खोलीच्या दाराशी गेले. म्हटलं, “मघाशी तू सांगत होतीस आणि मी विषयच मिटवला. चुकलं माझं. खूप लागलं असणार तुला.”

ती काही बोलली नाही. मीही नाही. मग तिने पाय जवळ ओढून घेतले, पलंगाच्या कडेला माझ्यापुरती जागा झाली. मी बसले. बऱ्याच वेळाने फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “बघ ना आई. सगळ्या आहेत फोटोत.”